खणाच्या कडेवरचं नाव

तारापूरकडच्या एका जुन्या पारशी बंगल्यातलं जेवणाचं टेबल गेल्या पावसाळ्याआधी विकलं गेलं. घेणारा मुंबईचा, देणारा वारस परदेशात, सौदा फोनवर. त्यात गैर काही नाही. पण पालघर-बोईसरपासून डहाणू-घोलवडपर्यंतच्या पट्ट्यात असं विलायती वळणाचं सामान जिथे जिथे होतं, त्यांपैकी मला ठाऊक असलेलं हे शेवटचं मोठं घर. ते रिकामं झालं आणि गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. हे मला फार लागलं, म्हणून हा मागोवा.

हे सामान आमच्याकडे आलं ते मुंबईच्या पैशावर. तारापूरचे पारशी पिढ्यान् पिढ्या व्यापारात. इथल्या किल्ल्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या विकाजी मेहेरजींच्या घराण्याची पेढी थेट निजामाच्या हैदराबादेत होती. तारापोरवाला हे आडनाव घेऊन माणसं मुंबईला गेली, तिथे कमावलं आणि गावातली घरं सजवली. 1864 साली बीबीसीआय रेल्वेची गाडी मुंबईपर्यंत धावू लागली, तेव्हा जड सामान आणणं सोपं झालं. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर 1841 साली सुरू झालेलं मेपलचं फर्निचरचं दुकान तोवर वाढत होतं. एकोणिसावं शतक संपेपर्यंत ते राजेरजवाड्यांचे महाल सजवणारं प्रचंड दुकान झालं. त्याहून जुने लँकेस्टरचे फर्निचरवाले गिलो. त्यांची सुरुवात 1730च्या सुमाराची, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते खणाच्या वरच्या कडेवर आपलं नाव ठोकत. बोट ठेवलं तर अक्षरं लागावीत, इतकं खोल.

लंडनपर्यंत जायचीही गरज नव्हती. आर्मी अँड नेव्ही या विलायती दुकानाची शाखा 1891 साली मुंबईत उघडली. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही उभी आहे. व्हाइटअवे लेडलॉ हे तसंच दुसरं दुकान; त्याच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. एडवर्ड विंब्रिज हा इंग्रज वास्तुविशारद 1879 मध्ये थिऑसॉफिस्ट मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर मुंबईत आला, त्यांच्याशी बिनसल्यावर इथेच राहिला आणि त्याने फर्निचरचा कारखाना काढला. तो चांगला चालला. म्हणजे ‘विलायती’ म्हणून मिरवलेल्या कपाटांपैकी कितीतरी मुंबईतच घडलेली होती.

आणि माझं ठाम मत आहे की तीच जास्त चांगली होती. विलायतेतलं महोगनीचं सामान पुष्कळदा साध्या लाकडावर पातळ व्हीनियर चिकटवून केलेलं असे, आणि चिकटवायला जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरेस. आमच्या खाऱ्या, दमट हवेत सरेस ओल धरतो, व्हीनियर फुगतं, कडेने सुटतं. मग आमच्या सुतारांनी त्याच वळणाची कपाटं भरीव बर्मा सागात केली. पाय तेच, कमान तीच, पितळी मुठीही तशाच. फक्त सांधे असे, की सरेस वितळला तरी लाकूड लाकडाला सोडणार नाही. हे सुतार कोण होते, याची नोंद कुणी ठेवली नाही. लंडनच्या दुकानाचं नाव कुलपाच्या पट्टीवर राहिलं, करणाऱ्याचं कुठेच नाही.

स्वातंत्र्यानंतरची तीस-चाळीस वर्षं या बाबतीत सपाट गेली. सामान जिथल्या तिथे होतं. 1969 साली तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली, औद्योगिक वसाहत आली, बोईसरला माणसं भरू लागली. बंगल्यांमध्ये मात्र छप्परपलंगावर मच्छरदाणी सोडलेली, आरामखुर्चीत आजोबा, आणि दिवाणखान्यात कुणी न वाजवलेला पियानो. यापलीकडे त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

खरं घडलं ते नव्वदच्या दशकात. ते मी पाहिलं आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बोईसरमध्ये इमारती उठू लागल्या, जागेला भाव आला. वाडीतल्या घराचे चार वारस, प्रत्येकाला आपला वाटा हवा. पारशी समाज मुळात आटत चालला होता: 1991 च्या जनगणनेत देशभरात 76,382, 2001 मध्ये 69,601. गावात मागे राहिल्या त्या बहुतेक म्हाताऱ्या बाया. आठ फुटी कपाट फ्लॅटच्या जिन्यातून वर चढत नाही. चढलंच, तर छताला लागतं. मग त्याची किंमत भिंतीएवढीच. घर पाडताना आधी हलवायची अडचण.

ही अडचण ओळखून दलाल यायचे. माणूस गोड बोलायचा, आधी चहा घ्यायचा. मग माप घेण्याच्या निमित्ताने एक खण पूर्ण बाहेर काढायचा आणि खिडकीपाशी नेऊन कड बघायचा. नाव दिसलं की खण मुकाट्याने परत आत. त्यानंतर मान हलवून म्हणायचा, “बाई, मागून वाळवी लागलीय. जळणाच्या भावात जाईल.” सागाला आतल्या गाभ्यापर्यंत वाळवी सहसा लागत नाही, हे गावातला शेंबडा पोरगा सांगेल. पण बाईंना घर रिकामं करून द्यायचं असायचं, तारीख पडलेली असायची. संध्याकाळी टेम्पो लागायचा. तेच कपाट चोर बाजारात मटण स्ट्रीटवर पॉलिश होऊन उभं राहिलं की त्याच नावावर किंमत सांगितली जायची. जे नाव विकणाऱ्या बाईपासून लपवलं, त्याचेच पैसे. याला मी धंद्यातली हुशारी म्हणणार नाही. ही फसवणूक होती.

सरकारी खात्यांनी तरी काय वेगळं केलं? आमच्याकडच्या एका कचेरीतली वेताने विणलेली मोठी खुर्ची आणि अर्जांच्या कप्प्यांचं कपाट लिलावात वजनावर गेलं. वजनावर! मी तेव्हा अर्ज केला, उत्तर आलं नाही. त्या जागी पत्र्याची कपाटं आली, ती खाऱ्या हवेने पाचेक वर्षांत गंजली.

पण लाकडापेक्षा मोठं नुकसान आमच्याकडचे जुने सुतार मिस्त्रीकाका यांच्या घराण्याचं झालं. वेताची बैठक विणणं, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवणं, जुन्या बिजागरीचा झिजलेला खिळा ओतून घेणं, ही सगळी कामं ते करत. घासकागद ते शेवटी वापरत. आधी काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडत. दशक सरता सरता त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम उरलं नाही. मुलगा सनमायका लावायला शिकला, नातू आता मॉड्युलर किचन बसवतो. चांगलं कमावतो, त्याचं मला बरंच वाटतं. पण पटाशी त्याला धरता येत नाही.

मेपल आणि गिलोंचा वारसा चालवणारी वॉरिंग अँड गिलो या दोन्ही पेढ्या 1980 मध्येच एकत्र झाल्या होत्या, पुढे त्याही पडद्याआड गेल्या. तरी इंग्लंडात गिलोंची जुनी रेखाटनं आणि अंदाजवह्या जपून ठेवलेल्या आहेत; अभ्यासक एखाद्या टेबलाचं मूळ त्यांत शोधू शकतात. आमच्या सुतारांची एक वहीसुद्धा कुणी राखली नाही. आणि आज इथल्या शोरूममध्ये दाबलेल्या भुश्शाच्या फळीवर सागाचा कागद चिकटवून, पितळी रंगाच्या प्लास्टिकच्या मुठी लावून तेच वळण ‘अँटिक’ म्हणून हप्त्यावर विकलं जातं. पहिल्या पावसात तळ फुगतो.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या, वाढवणला बंदर येऊ घातलं आहे, जुनी घरं अजून पडणार आहेत. भूसंपादनाच्या पंचनाम्यात घर लिहितात, विहीर लिहितात, चिकूचं एकेक झाड मोजतात. त्याच वेळी घरातल्या जुन्या सामानाचे फोटो काढावेत, खण उघडून नाव लिहून घ्यावं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सुताराचंही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तलाठ्याबरोबर एक जाणता सुतार पाठवला तरी पुरे, आणि असा सुतार शोधायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.