वाढते वय आणि मेंदूचा रक्तपुरवठा : स्वाभाविक काय, धोक्याचे काय?

“आता वय झाले, असे व्हायचेच,” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. अनेकदा ते खरेही असते. परंतु काही प्रसंगी याच समजुतीमुळे उपचारांची मोलाची वेळ निघून जाते. म्हणून वयाबरोबर मेंदूच्या रक्तप्रवाहात होणारे स्वाभाविक बदल आपण जाणून घ्यावेत.

मेंदूची गरज
मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याचा साठा मेंदूत होत नाही. त्यामुळे मानेतील चार प्रमुख धमन्यांमधून मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त मेंदूला अखंड मिळावे लागते.

वयानुसार होणारे बदल
निरोगी व्यक्तीतही प्रौढ वयापासून हा प्रवाह अतिशय संथपणे कमी होत जातो. मेंदूचे आकारमान किंचित घटते. हृदयातून निघणारी महाधमनी ताठर होते. पूर्वी ती शोषून घेत असलेला नाडीच्या ठोक्याचा जोर आता मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे ही हानी वेगाने वाढते. उतारवयात एखादे नाव उशिरा आठवणे, एवढ्यावरून आजार समजू नये. मात्र विसरभोळेपणामुळे नेहमीचे व्यवहार अडू लागल्यास तपासणी करून घ्यावी.

उठताना येणारी चक्कर
उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. रक्तदाब सावरण्याची शरीराची क्रिया वयाबरोबर मंदावते, त्यामुळे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते व तोल जाऊ शकतो. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटे बसावे, नंतर आधार घेऊन उभे राहावे. अशी चक्कर वारंवार येत असल्यास डॉक्टरांना सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

ही लक्षणे वयाची नव्हेत
पुढीलपैकी कोणतेही लक्षण अचानक दिसल्यास तो पक्षाघात असू शकतो :
• चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे
• एका हातात किंवा पायात अशक्तपणा अथवा बधिरता येणे
• बोलणे अडखळणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे
• दृष्टी जाणे, तोल जाणे किंवा असह्य डोकेदुखी होणे

अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्वरित १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्ण शेवटचा केव्हा ठीक होता, ती वेळ लिहून ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते आणि त्यापूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन आवश्यक असते. रुग्णाला पाणी, अन्न किंवा घरातील कोणतीही गोळी देऊ नये. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली तरी रुग्णालयात जावेच. तो मोठ्या झटक्याचा पूर्वइशारा असू शकतो.

आपल्या हाती काय आहे?
• वयाच्या तिशीनंतर रक्तदाब व रक्तातील साखर नियमितपणे तपासून घ्यावी. ही सोय जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात उपलब्ध आहे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास उपचार घ्यावेत.
• आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे.
• लोणचे, पापड यांतील मीठ धरून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ खावे.
• तंबाखू, विडी, सिगारेट व मिश्री पूर्णपणे सोडावी.

वय थांबवता येत नाही; रक्तवाहिन्यांची हानी मात्र कमी करता येते. घरातील सर्वांनी एवढे ध्यानात ठेवावे : हळूहळू होणारा बदल वयाचा असू शकतो, पण अचानक झालेला बदल वयावर ढकलू नये.