पाठराखीण पेशी

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या मुलास रक्ताचा कर्करोग जडला, आणि औषधांनी काही काळ दबलेला तो रोग पुन्हा उसळला, म्हणजे नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अखेर मुंबईचे नाव येते. आणि २०२४ पासून हिंगोलीपर्यंत धावू लागलेल्या जनशताब्दीने आईबाप, भावंडे आणि तपासण्यांच्या कागदांचे जाडजूड बाड असा सारा लवाजमा परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारी उभा राहतो. धाकट्या बहिणीच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी थोरल्या भावाच्या देहात रुजविता येतात, ही वार्ता तेथे ऐकून त्यांना जो धीर येतो, तो काही अस्थानी नसतो. मात्र त्या पेशी रुजल्यानंतरचे काही महिनेच अधिक जोखमीचे असतात, हे त्यांच्या ध्यानी यावयास बराच अवधी लागतो.

या उपचाराची आपल्या देशातील मुहूर्तमेढ त्याच रुग्णालयात रोवली गेली. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या देहात तिच्या भावाच्या अस्थिमज्जेचे रोपण केले. बालपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी ही विद्या सिएटल येथे, पुढे १९९० साली नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या ई. डॉनल थॉमस यांच्या केंद्रात आत्मसात केली होती.

रोपणापूर्वी तीव्र रसायनांनी रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करावी लागते, आणि तिच्याबरोबर आजवर सोसलेल्या रोगांची, शरीराने जतन केलेली स्मृतीही बहुतांशी लयास जाते. नवी मज्जा दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी निर्माण करू लागते खरी. परंतु विषाणूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या टी-पेशी पूर्ववत व्हावयास अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लोटतो. शत्रू बाहेरूनच यावा लागतो असेही नाही. सायटोमेगालो नावाचा विषाणू बालपणी आईच्या दुधातून वा लाळेतून शरीरात शिरतो, क्वचित किरकोळ ताप आणतो आणि मग जन्मभर मुकाट्याने पडून राहतो. आपल्या देशातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्या वास्तव्याचा दाखला मिळतो. पहारा उठला की तो जागा होऊन फुप्फुसांवर व आतड्यांवर चाल करतो. एपस्टाईन-बार विषाणू लसीकाग्रंथींत अर्बुदे उठवितो, आणि बीके विषाणूमुळे लघवीवाटे रक्त जाऊ लागते. यांवर औषधे नाहीत असे नव्हे; परंतु गॅनसायक्लोव्हिर नेमक्या त्या कोवळ्या मज्जेवरच घाव घालते, आणि फॉस्कार्नेट मूत्रपिंडास भोवते.

आपल्याकडे नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी जाणती बाई पाठराखीण म्हणून तिच्यासंगे धाडण्याचा रिवाज आहे. दात्याच्या कोवळ्या मूलपेशींसंगे त्याच दात्याच्या अनुभवी टी-पेशी धाडाव्यात, ही कल्पना याच जातीची. १९९२ साली सिएटलच्याच स्टॅन्ली रिडेल, फिलिप ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोमेगालो विषाणूस ओळखणाऱ्या दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तीन रुग्णांना दिल्या; आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, प्रतिबंधासाठी अशा पेशी मिळालेल्या चौदा रुग्णांपैकी एकासही त्या विषाणूचा रोग झाला नाही, अशी नोंद आहे.

पाठराखिणीऐवजी माहेरचे सारे गणगोतच सासरी जाऊन बसले तर तंटा ठरलेला. दात्याच्या टी-पेशी सरसकट दिल्या, तर त्यांतील काही रुग्णाच्या कातडीस, यकृतास व आतड्यांस परके मानून त्यांवर तुटून पडतात. डॉक्टर ज्यास जीव्हीएचडी म्हणतात तो हा अनर्थ कधीकधी प्राणावर बेततो. म्हणून या विद्येचे सारे मर्म निवडीत आहे, असे माझे मत आहे. दात्याचे रक्त घेऊन त्यात विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे मिसळले की, ज्या पेशी पूर्वी त्या विषाणूशी झुंजलेल्या असतात त्या चवताळून इंटरफेरॉन गॅमा नामक द्रव्य सोडू लागतात. नेमक्या त्याच पेशींना सूक्ष्म लोहकण चिकटवून चुंबकाच्या साहाय्याने बाजूस काढता येते. एवढ्या खटाटोपानंतर हाती येतो तो काही घनसेंटिमीटर द्रव, आणि तो काही मिनिटांत शिरेवाटे दिलाही जातो. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील, तर त्यांच्या संरक्षक द्रव्यामुळे रुग्णाच्या श्वासास लसणासारखा दर्प येतो. सोबतच्या माणसांनी त्याने बिचकू नये.

तयारीस लागणारा वेळ वाचावा म्हणून, त्रयस्थ दात्यांच्या पेशी आगाऊ साठविण्याची तजवीजही परदेशांत झाली आहे. एपस्टाईन-बार विषाणूच्या अर्बुदांवरील अशा एका औषधास युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. उलट, अनेक विषाणूंवर एकाच वेळी चालावयाच्या पोसोल्यूसेल या औषधाच्या अंतिम टप्प्यातील चाचण्या, यशाची चिन्हे दिसेनात म्हणून, डिसेंबर २०२३ मध्ये आवरत्या घ्याव्या लागल्या. आणि त्यांत प्रतिबंधाची चाचणीही होती. तेव्हा हा रामबाण उपाय आहे अशी कोणी हमी देऊ लागल्यास सावध राहावे. त्रयस्थाच्या पेशी रुग्णाच्या देहात फार काळ टिकत नाहीत. ज्याची मज्जा त्याच्याच पेशी, हा मूळचा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

आपल्यासाठी एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. सायटोमेगालो विषाणूच्या ज्या सार्वत्रिक संसर्गामुळे आपल्या रुग्णांना अधिक धोका संभवतो, त्याच संसर्गामुळे आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक प्रौढ दात्याच्या रक्तात त्या विषाणूशी लढलेल्या पेशी आयत्याच असतात. आणि कौशल्याची वाण आहे असेही म्हणवत नाही; आयआयटी मुंबई व टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या, रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय फेरफार करून घडविलेल्या नेक्सकार-१९ या उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली आहे. विषाणू ओळखणाऱ्या पेशी नुसत्या वेचून काढण्यास तर जनुकांना हातही लावावा लागत नाही.

अडते ते दात्यापाशी. सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक इतकाच असतो, आणि बाहेरचा दाता बहुधा आपल्याच प्रदेशातील व समाजातील सापडण्याची शक्यता अधिक. चेन्नईची ‘दात्री’ ही नोंदणी संस्था अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी व्यक्तींची नावे नोंदवून घेते, आणि त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. हिंगोलीस २०२४ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा येथील महाविद्यालयांतून अशा नोंदणीची शिबिरे भरवावीत, आणि तेथील तरुणांनी आपली नावे नोंदवावीत.