जोखमीच्या गर्भारपणाला ऑकलंडची देणगी

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये उपचार, संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र चालत असे. तिथले दोन उपाय पुढे जगभर पोहोचले.

■ पोटातल्या बाळाला रक्त (१९६३) : आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा आरएच पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरातील प्रतिपिंडे बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात. तिथले डॉक्टर विल्यम लायली यांनी आईच्या पोटातून सुई नेऊन अशा बाळाच्या उदरपोकळीत रक्त सोडले.

■ फुप्फुसांसाठी इंजेक्शन (१९७२) : स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरे श्वास घेऊ शकतात, असे तिथलेच डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांना दिसले. मग त्यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह २८२ मातांवर चाचणी घेतली. बीटामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्या मातांच्या बाळांमध्ये श्वसनाचा त्रास बराच कमी आढळला.

■ भारतात : केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार गर्भारपणाच्या २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी देतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस एएनएमही (सहायक परिचारिका-प्रसाविका) देऊ शकतात.