बालस्थौल्य आणि कोवळ्या धमन्या

अकरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आमच्या चिकित्सालयात आली. तक्रार एकच : "डॉक्टर, हा फार लवकर थकतो. शक्तीचं काही औषध द्या." आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि एक अवलेह व एक गोड सिरप लिहून दिले. वजन केले नाही. दोन महिन्यांनी आई म्हणाली, "मानेवरचा मळ कितीही घासला तरी निघत नाही हो." तो मळ नव्हता. मानेच्या घडीतील ती मखमली काळी पट्टी इन्सुलिन-प्रतिरोधाची खूण होती. त्या दिवशी प्रथमच मोजमाप घेतले. उंची १४२ सें.मी., वजन ५८ किलो, कंबर ८४ सें.मी. वडिलांना वयाच्या ४१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हेही तेव्हाच समजले. कारण आधी आम्ही विचारलेच नव्हते.

ज्याला आम्ही दौर्बल्य समजलो ते स्थौल्याचेच लक्षण होते. चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले, त्यांत आयुष्याचा ऱ्हास, हालचालींतील मांद्य, दौर्बल्य, अतिक्षुधा ही सर्व आहेत. मेदाने मार्ग अडले की कोष्ठात फिरणारा वायू अग्नीला प्रदीप्त करतो आणि मूल सतत खायला मागते. अशा मुलास बृंहण कल्प देणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय.

धमन्यांचे काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, विसाव्या अध्यायात, वीस कफज नानात्मज विकारांच्या एकाच यादीत अतिस्थौल्य आणि धमनीप्रतिचय हे दोन्ही आले आहेत. आधुनिक संशोधनाने हे साहचर्य बालवयापासून दाखवून दिले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी चालविलेल्या बोगालुसा हृदय अभ्यासात मुख्यतः अपघाताने मृत्यू पावलेल्या २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ व्यक्तींचे शवविच्छेदन झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्थूलता, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे धोक्याचे घटक जितके अधिक एकत्र आले, तितके महाधमनी व हृद्धमन्यांतील विकृतीचे प्रमाण अधिक आढळले.

सुदैवाने ही वाट परतीची आहे. २०११ साली चार दीर्घकालीन अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. बालपणी स्थूल असूनही प्रौढपणी स्थूल न राहिलेल्यांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब व ग्रीवाधमनीच्या भित्तीची जाडी यांचा धोका, कधीच स्थूल नसलेल्यांइतकाच आढळला. म्हणूनच आपल्या हाती आलेली ही वर्षे मोलाची आहेत.

चिकित्सालयात व दुकानात

प्रत्येक बालरुग्णाची उंची, वजन व कंबर नोंदवावी. कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरल्यास सावध व्हावे. रक्तदाब पाहताना दंडाच्या मापाचा पट्टा वापरावा. अरुंद पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवितो. मूल स्थूल असून उंचीने खुंटलेले असेल तर थायरॉइड आदि ग्रंथींच्या तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठवावे.

वाढत्या वयात तीव्र लंघन वा शोधन नको. गुरु पण अपतर्पक आहार हे सूत्र येथे उपयोगी पडते : जव, नाचणी, मूग, भाज्या, साय काढलेले ताक. बिस्किटे, थंड पेये व दुपारची झोप बंद. रोज तासभर धावपळीचा खेळ. बहुतेक मुलांत वजन स्थिर राहून उंची वाढली तरी पुरेसे यश आहे.

औषध विक्रेत्या बंधूंना विनंती, की "मुलाचं वजन कमी करणारी गोळी" मागणाऱ्या पालकांना गुग्गुळाची डबी देण्याऐवजी वैद्याकडे पाठवावे. आणि शक्तिवर्धक अवलेह देताना त्यातील साखरेचीही कल्पना द्यावी.

आमच्या त्या रुग्णाचे अवलेह व सिरप आम्ही त्याच दिवशी थांबविले. घरातील सर्वांचाच आहार बदलला. चौदा महिन्यांनी उंची १४९ सें.मी., वजन ५७ किलो, कंबर ७८ सें.मी. झाली. काम अजून संपलेले नाही, आणि त्याच्या धमन्या आम्ही पाहिलेल्या नाहीत. पण तो आता जिना न थांबता चढतो. आमच्या टेबलावर तेव्हापासून नाडीपरीक्षणाच्या उशीशेजारी मोजपट्टी असते. ती आपल्याही टेबलावर असावी, एवढेच मागणे.