घटोत्कचाच्या हाती पोथी

मंडळी, लोणारचं दैत्यसूदन मंदिर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. विष्णू लवणासुराच्या अंगावर उभा आहे; देव कोण, दैत्य कोण, शंकाच नाही. पण आई त्या बाजूची आणि बाप या बाजूचा असला तर? नातवाने मला हेच वेगळ्या शब्दांत विचारलं. "आजोबा, मला हाफ-ऑर्क विझार्ड करायचाय. मित्र म्हणतात, जमणार नाही."

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ सालचा. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकतात. ऑर्क ही टोल्किनच्या कादंबऱ्यांतून आलेली राक्षसांसारखी जमात. हाफ-ऑर्क म्हणजे अर्धा माणूस. विझार्ड जादू पोथीतून शिकतो. जन्मतःच जादू असणाऱ्याला सॉर्सरर म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा.

१९७८च्या नियमपुस्तकात हाफ-ऑर्कला जादूगार होताच येत नव्हतं. चोर किंवा मारेकरी खुशाल व्हा! आपल्याकडचा अधिकारभेद आठवला ना? २००० साली बंदी उठली, पण बुद्धीचे दोन गुण कापले. पुढे ती कपातही गेली; २०१४मध्ये शक्तीला दोन आणि चिवटपणाला एक गुण जास्त मिळू लागला.

नातू याच नियमांनी खेळतो. सहा गुणांत वाटायला १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे. मी म्हटलं, १५ बुद्धीला दे, १४ चपळाईला. चिवटपणाला १३ दे, त्याचे १४ होतील. शक्तीला ८ पुरे, जन्माने १० होतातच. साध्या माणसाची बुद्धी १६ झाली असती, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर फक्त एकाचा फरक. शिवाय जीवनगुण शून्यावर आले तरी हाफ-ऑर्क एकदा एका गुणावर तग धरतो. विझार्ड मुळात नाजूक, त्याला हे वरदानच की.

मग मी त्याला घटोत्कच सांगितला. हिडिंबेचा आणि भीमाचा मुलगा, मोठा मायावी. पण माया जन्माची, म्हणून तो विझार्ड नव्हे. वनवासात याने द्रौपदीला पाठीवरून डोंगर चढवले. द्रोणपर्वात, रात्रीच्या युद्धात, कर्णाने अर्जुनासाठी राखलेली शक्ती याच्यावर खर्च झाली. पांडव रडतात आणि कृष्ण नाचतो! वर सांगतो, कर्णाने मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं, कारण हा यज्ञाचा द्वेष्टा. मी हा भाग वर्गात अनेकदा शिकवला. दर वेळी घशाशी येतं. आयुष्यभर तुमच्यासाठी लढला, तरी हिशेब आईच्या कुळाचाच?

२०२४च्या पुस्तकात गुणांची वाढ जन्मावरून काढून पूर्वायुष्यावर ठेवली आहे, हे मला पटतं. पण त्याच पुस्तकात ऑर्क आहे, हाफ-ऑर्क नाही. अर्ध्यांची अडचण अशीही मिटवता येते म्हणायची!

विझार्डच्या पोथीत सुरुवातीला सहा मंत्र असतात. मी विचारलं, अरे, ते याला शिकवले कोणी? आणि दारात उभं तरी का केलं? तिथे नातू अडला. आकडे भरून झालेत, तेवढी ओळ अजून कोरी आहे.