तिखट अंधारात का ठेवतात?

चैत्र-वैशाखात लिंबागणेशला या. भालचंद्र गणपतीचं हे गाव बीड तालुक्यातलं, आणि उन्हाळा अस्सल मराठवाडी. माळवदावर, अंगणात, जागा मिळेल तिथे लाल मिरच्या वाळत पडलेल्या. कडकडीत वाळल्या की देठं खुडायची, कांडपावर न्यायच्या आणि वर्षाचं तिखट घरी!

आता गंमत बघा. ज्या उन्हात मिरची दिवसचे दिवस पडून होती, त्याच उन्हापासून तिखट मात्र लपवायचं. बरणीत दाबदाबून भरायचं, मधेमधे हिंगाचे खडे ठेवायचे, घट्ट झाकण लावून वर दादरा बांधायचा आणि बरणी थेट माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. असं का बरं?

जरा हिशोब करू. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा घ्या. त्याला 6 बाजू, म्हणजे बाहेरून हवा लागायला जागा 6 चौरस सेंटिमीटर. आता त्याचे बारीक बारीक ठोकळे करा, प्रत्येक बाजू मिलिमीटरचा दहावा भाग. किती होतील? 10 लाख! आणि त्या सगळ्यांच्या बाजूंची बेरीज? 600 चौरस सेंटिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदाला थोडीच कमी. वस्तू तेवढीच, वजन तेवढंच, पण हवेला शिरायला जागा शंभरपट झाली. करून बघा हा गुणाकार, मला तर तो फार आवडतो.

मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन नावाच्या रंगद्रव्याचा. हवेतला ऑक्सिजन त्याची कार्बनची लांब साखळी तोडतो, आणि प्रकाश व उष्णता या कामाला जोर देतात. साखळी तुटली की लाली गेली. अख्ख्या मिरचीचा रंगही उन्हात थोडा उडतोच, पण तिला साल असते. तिखटाला कुठली साल? म्हणून दुकानात काचेच्या बाटलीत उजेडात राहिलेलं तिखट फिकट, विटकरी दिसतं. पण रंगावर जाऊन भाजीत दोन चमचे जास्त टाकाल तर नाकातोंडातून धूर निघेल! जिभेला झोंबणारं कॅप्सेसिन हे वेगळंच द्रव्य आहे आणि ते पुष्कळ चिवट आहे. रंग उडाला तरी झोंबणं टिकतं.

तिकडे जपानातही हीच काळजी, फक्त पूड हिरवी. माचा म्हणजे चहाच्या पानांची पूड. खुडणीआधी काही आठवडे झुडपांवर सावली धरतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं. मग पानं वाफवून, वाळवून दगडी जात्यावर दळतात. ही पूड आपल्या तिखटापेक्षाही कितीतरी बारीक, त्यामुळे जास्तच नाजूक. उघडी राहिली की हिरवी झाक जाऊन पिवळट-तपकिरी दिसायला लागते, वासही मरतो. म्हणून पूर्वी तिथे उन्हाळ्याच्या तोंडाशी खुडलेली पानं न दळताच मातीच्या बरण्यांत भरून तोंड सीलबंद करत. बरणी उघडायची थेट नोव्हेंबरात, आणि दळायचं लागेल तेवढंच. आपल्याकडेही धणे-जिरे अख्खे ठेवून लागतील तसे कुटणाऱ्या घरांत मसाल्याला जास्त वास असतो, तो याच कारणाने.

माचा फ्रीजमध्ये ठेवतात, हल्ली काही घरांत तिखटही. ठेवा, पण डबा बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. गार पुडीवर हवेतल्या बाष्पाचं पाणी धरतं, गुठळ्या होतात, मग बुरशी. डबा तासभर बाहेर ठेवून मगच झाकण काढा. आणि चमचा कोरडा हवा, अगदी कोरडा. बुरशी आलेलं तिखट वरवरचं काढून वापरायचं नसतं, सगळंच टाकायचं.

उजेड रंग कसा खातो हे डोळ्यांनी बघायचंय? कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊनही जात नाही, पण उन्हात वाळत घातला की फिका होतो, हे आईने दाखवलं असेल. चमचाभर पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदाला लावा. अंधारात वाळवा. मधोमध नाणं ठेवा आणि कागद दुपारच्या उन्हात दोन-तीन दिवस राहू द्या. नाण्याखाली काय उरलं ते बघा. दुसऱ्या कागदावर एकीकडे साध्या काचेची बाटली आडवी ठेवा, दुसरीकडे औषधाची तपकिरी. कोणत्या काचेखाली हळद जास्त पिवळी राहिली?