बसलेला आवाज आणि बोलण्याची सवय

कोप्पीकर रोडवर संध्याकाळी गिऱ्हाइकाशी बोलायचे म्हणजे आधी रहदारीवर मात करावी लागते. तेथील एका व्यापारी कुटुंबातील ८ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. "डॉक्टर, सर्दी नाही, ताप नाही, पण दोन महिने ह्याचा आवाज बसलेलाच आहे." त्यापूर्वी मीच त्याला दोनदा प्रतिजैविके दिली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आढळल्या.

बोलताना लहान मुलाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे ३०० वेळा एकमेकांवर आपटतात. प्रौढ पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. त्यात सतत ओरडण्याची भर पडली की कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे घट्टे तेथे पडतात. त्यावर प्रतिजैविक काय करणार? शस्त्रक्रियाही बहुधा लागत नाही. बोलणेच नव्याने शिकवावे लागते.

गाणाऱ्याने गळा सांभाळावा हे हुबळीकरांना सांगायला नको. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त झालेल्या आवाजातच गंगूबाई हनगल (१९१३-२००९) यांनी आपली गायकी उभी केली. परंतु बोलणाऱ्याच्या आवाजालाही शिक्षण लागते, हा विचार मराठीत डॉ. अशोक रानडे (१९३७-२०११) यांनी आग्रहाने मांडला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. गायकांप्रमाणेच नटांच्या आवाजाकडेही त्यांनी लक्ष दिले.

आमचे शिक्षण साधेच होते. दुसऱ्या खोलीतून हाक न मारता जवळ जाऊन बोलायचे. बोलताना दूरदर्शन संच बंद ठेवायचा. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा. श्वास संपत आला की वाक्य ओढायचे नाही, थांबायचे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे; जोर लावून कुजबुजल्यास घशावर ताणच पडतो. खरी अडचण वडिलांची होती. दुकानातली पट्टी ते घरीही सोडत नसत आणि मुलाला "हळू बोल" हेसुद्धा ओरडूनच सांगत!

मात्र प्रत्येक घोगरा आवाज ओरडण्यानेच होतो, असे समजू नये. चार आठवड्यांत तो सुधारला नाही, तर स्वरयंत्र तपासून घ्यावे. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

त्या मुलाचा आवाज मोकळा व्हायला पाच महिने लागले. वडिलांनी अद्याप तपासून घेतलेले नाही. दुकानातून सवड मिळत नाही, असे ते बसलेल्या आवाजात सांगतात.